उलटा घातलेला हेडफोन

"ह्येचोय डावो मेललो आसा," आप्पा म्हणाले आणि तिसरा हेडफोनही त्यांनी काउंटरवर ठेवून दिला.

नेसरीकरने तो उचलला, स्वतःच्या कानांवर चढवला आणि डोळे मिटून थोडा वेळ ऐकला. हा नेसरीकर मूळचा गडहिंग्लजकडचा. कुडाळात एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटरचं दुकान टाकून त्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि माणूस थंड डोक्याचा म्हणून बाजारात ओळखला जायचा. पण तिसऱ्या खोक्याला थंड डोकंसुद्धा तापायला लागतं.

"काका, दोन्हीकडनं नीट वाजतंय की."

"तुका वाजता. मगे माका कित्याक ऐकूक येणा नाय? मिनल, तू बघ गो."

मी हेडफोन घातला. आप्पांच्या सांगण्यावरून नेसरीकरने पेटीवादनाचं एक रेकॉर्डिंग लावलं होतं. पेटी डावीकडून वाजत होती, उजवीकडून वाजत होती, अगदी डोक्याच्या मधोमध बसून वाजत होती. इतका स्वच्छ आवाज मी आमच्या घरच्या स्पीकरवर कधी ऐकला नव्हता.

"व्हय आप्पा," मी म्हणाले, "डावो जरा बारीकच आसा."

नेसरीकरने माझ्याकडे असं पाहिलं की बाई, तूसुद्धा? मी नजर वळवली. खोटं बोलायचा मला तोवर दोन वर्षांचा सराव झालेला होता, त्यामुळे ते तोंडातून सहज बाहेर आलं.  आप्पांचं वरच्या सप्तकातलं ऐकणं गेलंय हे मला माहीत होतं. डावा कान जवळजवळ पुरता गेलाय हे मात्र मला त्या काउंटरपाशी, त्या मिनिटाला कळलं.

सहदेव मेस्त्री म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील, पेट्या दुरुस्त करणारे. तालुक्यातल्या बहुतेक भजनी मंडळांच्या पेट्या आमच्याकडे येत. वर्षभर पेटी कुठेतरी माळ्यावर नाहीतर देवळाच्या कोपऱ्यात पडलेली असायची, तिच्या चामड्याला बुरशी लागायची, भात्यात उंदीर संसार थाटायचे आणि श्रावण लागला की सगळ्या मंडळांना एकदमच जाग यायची. गणपतीत घरोघर भजन. पेटी बेसूर म्हणजे मंडळाची शोभा. मग आमच्या पडवीत आठ-आठ, दहा-दहा पेट्या ओळीने बसायच्या आणि आप्पा त्यांच्यासमोर मांडी ठोकून सूर मिळवायचे.

काम सांगायला सोपं आहे. पेटीच्या प्रत्येक स्वराला आत पितळेच्या दोन पट्ट्या असतात. त्या दोन्ही अगदी एकसारख्या बोलल्या पाहिजेत. केसाएवढा जरी फरक राहिला तरी आवाजाला हेलकावा येतो. मग पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हेलकावा थांबेपर्यंत घासायचं, आणि तो थांबला की नाही हे फक्त कानाने कळतं.

दोन वर्षांपूर्वी पाट गावच्या मंडळाची पेटी आप्पांनी "झाली" म्हणून बाजूला ठेवली. मी सहज वाजवून पाहिली तर वरच्या सप्तकातली एकही जोडी जुळलेली नव्हती. मला वाटलं, विसरले असतील. दुपारी दोन ते चार आप्पा झोपायचे, तेवढ्यात मी पेटी उघडली आणि लहानपणापासून नुसतं बघून जे काही शिकले होते त्याच्या जोरावर त्या पट्ट्या मिळवल्या. एकदाच म्हणून केलं. मग पुढची पेटीही तशीच निघाली, तिच्या पुढचीही. सांगायला हवं होतं, कबूल आहे. पण आई जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. बायको गेलेल्या माणसाला तुमचा कानही गेला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून मी रोज दोन ते चार पेट्या मिळवत राहिले. आप्पांनी सकाळी घासलेलं मी दुपारी निस्तरायचं. आणि आप्पा चार वाजता उठून चहा पिताना मलाच ऐकवायचे, "सूर घासूक धीर लागता गो बाय. तू बंदुको चालवणारा चेडू, तुझ्या हातीचा काम न्हय ह्या."

बंदुका खऱ्याच होत्या, कॉम्प्युटरवरच्या. लग्नपत्रिका आणि मंडळांची हँडबिलं जुळवण्यासाठी मी कॉम्प्युटर घेतला होता आणि संध्याकाळी त्याच्यावर गोळीबाराचा खेळ खेळायचे. त्या खेळात कुणाचं काही मिळवायचं नसे, जुळवायचं नसे. माणूस दिसला की गोळी घालायची. दिवसभरात तेवढाच एक तास मला बरा वाटायचा.

त्या श्रावणात माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, एक पत्र होतं. पुण्यातल्या एका छपाईच्या कंपनीने मला अक्षरजुळणीच्या कामावर घेतलं होतं. हजर व्हायला उरले होते आठ दिवस आणि आप्पांना मी अजून सांगितलं नव्हतं. मी गेले की आप्पांनी मिळवलेल्या पेट्या तशाच्या तशा घरोघर जाणार, गणपतीपुढे बेसूर वाजणार आणि तालुका म्हणणार, मेस्त्री संपला. माझा जीव दोन्हीकडून ओढला जात होता. खरं सांगायचं तर ओढलाही जात नव्हता, नुसता थकला होता.

हेडफोन घ्यायची कल्पना आप्पांचीच. तुझ्या बंदुकांनी माझं डोकं उठतं, म्हणाले, आणि हल्ली तुझे स्पीकरपण मंद झालेत. त्यांच्या गुरूंच्या भजनाच्या जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या होत्या, त्या त्यांना नीट ऐकायच्या होत्या. "एकच बरोसो घेवया, दोघांक चालात असो. तुका बंदुकांक, माका भजनाक." मी म्हटलं, चला, बाजारातून परतताना खुशीत असतील, तेव्हा पत्राचं सांगून टाकू.

तसे ते खुशीत होतेही. पहिल्या हेडफोनला लाल दिवे लागायचे, तो बघून म्हणाले, "ह्यो डोक्यार घातलंय तर लोक माका दशावतारातलो राक्षस समाजतले." शिवाय त्याच्यात नुसता घुमाच जास्त होता. "निसतो खर्ज! पेटी वाजता काय पखवाज, ताच कळणा नाय."

"ह्याला गेमवाले लय मागतात, काका. स्फोट जोरात होतात."

"स्फोट आमच्या घरात आधीच जोरात होतत."

दुसरा होता तो पाठीला जाळी असलेला. नेसरीकर म्हणाला, गाण्यासाठी हा उत्तम, आवाज मोकळा येतो, फक्त बाहेरही तितकाच जातो. म्हणजे बंदुका घरभर ऐकू येणार त्या येणारच. तिसरा बिनवायरचा. तोही खेळाला नको, असं मीच म्हटलं, कारण त्याच्यात गोळी आधी लागते आणि आवाज मागाहून येतो. पण या तिन्हींबद्दल आप्पांची मुख्य तक्रार एकच होती, डावी बाजू मेलेली आहे.

नेसरीकरने आता चौथा काढला, सीलबंद खोक्यातला. वायरचा, पाठ बंद, कानाला मऊ गाद्या, माइक हवा तेव्हा काढून ठेवता येणारा. "ह्याच्यापुढं माझ्याकडं काही नाही," तो म्हणाला. "काका, हे बघा, गेमचंच दाखवतो. एक माणूस चालतोय तुमच्याभोवती. गोल फिरणार. डोळे मिटून बोटानं दाखवा, कुठं आहे तो."

आप्पांनी हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. बोट वर धरलं. बोट समोरून उजवीकडे निघालं, उजव्या खांद्यावरून मागे गेलं आणि तिथे थांबलं. थांबूनच राहिलं. समोरच्या पडद्यावर तो माणूस आप्पांच्या डाव्या अंगाने चालत होता.

"गेलो खंय?" आप्पा म्हणाले. "अर्ध्या वाटेर नायसो झालो." मग पुन्हा समोरून बोट उजवीकडे निघालं. "हो इलो. आता गेलो परत."

नेसरीकर माझ्याकडे बघत होता. आता त्याच्या नजरेत चीड नव्हती, त्याला कळलं होतं. मी काउंटरखालून हात हलवून त्याला गप्प राहायची खूण केली.

"आप्पा, चला," मी म्हणाले. "ह्येचोय डावो गेललो आसात. आपण कणकवलीक बघूया कधीतरी."

"सगळ्यांचो डावो कसो जायत?" आप्पा म्हणाले. "एवढो बिचारो माणूस खोकी उघडता. तेका उगाच खोटो पाडूक नको." आणि त्यांनी हेडफोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

ते काय करणार हे मला तेव्हाच कळलं. पेटीतली एखादी पट्टी बोलत नसेल तर आप्पा तिला लगेच दोष देत नसत. ती काढून दुसऱ्या स्वराच्या घरात बसवायचे आणि तिथली पट्टी हिच्या घरात. दोष पट्टीबरोबर गेला तर पट्टी वाईट, तिथेच राहिला तर घर वाईट. या एका गोष्टीसाठी गिऱ्हाइकं त्यांना देवासारखी मानायची, कारण चांगली पट्टी फेकून नवीन घालायला त्यांनी कधी कुणाला लावलं नाही.

"आप्पा, उशीर झालो. रिक्षा मिळाची नाय," मी म्हणाले. त्यांचा हातही धरला.

"दोन मिनटां रव गो."

त्यांनी हेडफोन उलटा घातला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

पेटीवादनाचं ते रेकॉर्डिंग पुन्हा चालू झालं होतं. आप्पा ऐकत उभे राहिले. मग हेडफोन काढून सुलटा घातला. पुन्हा उलटा घातला. असं त्यांनी तीनदा केलं. बाहेर वेंगुर्ल्याची गाडी लागल्याची आरोळी झाली, एक माणूस येऊन मोबाइलचं रिचार्ज मागून गेला. शेवटी आप्पांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो खोक्यात आपल्या हातांनी ठेवला.

"चुकी माझी," ते नेसरीकरला म्हणाले. "माल तुझो बरो आसा. ह्योच दी."

"काका, राहू द्या आज. नंतर कधीतरी..."

"दी म्हटलंय ना."

रिक्षात ते रस्त्याकडे बघत बसले. खोकं मांडीवर होतं.  मला एवढंच वाटत होतं की हे घर लवकर यावं, आणि येऊही नये.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. पडवीत जाऊन झारापच्या मंडळाची पेटी पुढ्यात ओढली. मंडळवाले ती त्याच दिवशी न्यायला येणार होते. आदल्या दुपारीच मी ती पूर्ण केली होती. आप्पांनी भाता सोडला, उजवा कान पेटीला टेकवला आणि वरच्या सप्तकातले स्वर एकेक करून दाबत गेले. ते उजव्या कानालाही धूसरच लागत असावेत, आणि मग आपल्या पेट्यांची इतके दिवस कुणी तक्रार कशी केली नाही, हा प्रश्न त्यांना पडला असावा.

"ह्यो गंधार कोणी मिळयलो?"

मी उंबऱ्यात उभी होते. "मी."

"आणि ह्यो?"

"मीच."

"गेल्या वर्सा पाटची पेटी?"

"आप्पा, सगळी मीच केलंय. दोन वर्सां झाली."

"खंयच्या वेळेक?"

"तुमी निजल्यावर."

त्यांनी भाता लावून टाकला. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं होतं, ते खचतील, रडतील. ते चिडले.

"माका फसयलंस! दोन वर्सां लोक माझ्या नावान पेटी न्हेतत, आणि तू माका सांगूक नाय? पाटवाल्यांनी देवळात बोलावन माझ्या हातात नारळ दिल्यानी. तू थंय उभा होतंस. हसत असशीत मनातल्या मनात."

"हसत नाय होतंय."

"मगे काय करत होतंस?"

"झोप येय होती माका!" मी ओरडले. आप्पांवर मी आयुष्यात तेवढं एकदाच ओरडले. "दोन वर्सांत दुपारची कधी पाठ टेकूक नाय मी. सकाळी पत्रिका, दुपारी तुमची पेटी, संध्याकाळी तुमचा जेवण. आणि वर तुमी म्हणणार, तुका धीर नाय. मी दमलंय आप्पा. माका आता कोणाचोच सूर मिळवचो नाय."

आणि त्याच झटक्यात आत जाऊन मी ते पत्र आणलं आणि पेटीवर ठेवलं. असं ते सांगायचं नव्हतं. चहा करून, शेजारी बसून, हळूच सांगायचं ठरवलं होतं.

आप्पांनी चष्मा लावला. पत्र दोनदा वाचलं. त्यांना राग ठेवायला आता जागा उरली नसावी, कारण ते नुसतेच पत्राकडे बघत बसले.

"सोमवारी?"

"येत्या न्हय, फुडल्या."

"आणि जाणार होतंस काय नाय?"

"म्हायत नाय," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

अडीचच्या सुमाराला झारापचे लवू बुवा आले. झाराप मंडळाचे मुख्य गायक, उंच, पान खाऊन ओठ रंगलेले. तालुक्यात त्यांचा आवाज नावाजलेला आणि त्यांची जीभही. आम्ही दोघं जेवलो नव्हतो, बोलतही नव्हतो. बुवांनी यातलं काही पाहिलं नाही. सरळ पेटीपुढे बसले, भाता हलवला आणि खालपासून वरपर्यंत एक तान अशी घेतली की पडवीतली कोंबडी उठून पळाली.

"वा! मेस्त्र्यानु, वा!" त्यांनी दोन्ही हात जोडले. "बोटा ठेवची आणि पेटीन गावचा. असो हात सगळ्या जिल्ह्यात नाय. माका तर वाटता, दरवर्सा तुमचो हात अधिकच गोड होत चललो हा."

हे मी दोन वर्षं ऐकत आले होते. दर वेळी आप्पा मान खाली घालून हसायचे आणि मी आत चहा टाकायला जायचे. त्या दिवशीही मी वळले. मनात म्हटलं, हसू देत. एवढ्या एका माणसापुढे तरी हसू देत.

"हात माझो न्हय, बुवा," आप्पांचा आवाज आला. "चेडवाचो आसा, मिनलचो."

बुवा हसले. "गजाली मारतास!"

"गजाल न्हय. दोन वर्सां तांच मिळयता. आणि आता तां पुण्याक चल्ला, नोकरी लागली हा तेका. फुडल्या वर्साक पेटी दुसऱ्याकडे न्हेवा."

बुवांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. आणि भाता पुन्हा हातात घेतला. पण आता ते तान घेत नव्हते. एक स्वर दाबायचा, मान तिरकी करायची, ऐकायचं, मग दुसरा. बाजारात नारळ घेताना कानाशी हलवून बघतात तसं चाललं होतं. हीच पेटी, पाच मिनिटांपूर्वी हात जोडलेली. माझी कानशिलं तापली. पण बोलायलाही अंगात जोर लागतो.

"ह्यो वरचो धैवत," बुवा अखेर म्हणाले, "जरा उतारल्यासारखो वाटता."

धैवत उतरलेला नव्हता. आदल्या दुपारी त्या जोडीला मी अर्धा तास दिला होता.

"वाजवा परत," आप्पा म्हणाले.

बुवांनी धैवत दाबून धरला. आप्पा सवयीने पेटीकडे वाकले. चाळीस वर्षं ते असेच वाकत आले होते. कोणी काही म्हटलं की वाकायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, आणि त्या निकालापुढे कुणाचं काही चालायचं नाही. ते अर्धे वाकले आणि तिथेच थांबले. मग सावकाश सरळ झाले.

"मिनल," ते म्हणाले, "ह्यो कसो आसा गो?"

असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.  "बरोबर आसा, आप्पा."

"तां बरोबर म्हणता, बुवा. म्हणजे बरोबर आसा."

"अहो, पण तुमी एकदा स्वतः आयका तरी."

"माका आयकूक येणा नाय," आप्पा म्हणाले. एवढं मोठ्याने म्हणाले की शेजारच्या अंगणात ऐकू गेलं असेल. "कान गेलो माझो. दोन वर्सां झाली. मघाशी तुमी हात जोडलास ते तेका जोडलास. आता तपासूचा काय शिल्लक रवला?"

बुवांनी धैवत सोडला.  मग त्यांनी तोच स्वर पुन्हा एकदा दाबला, डोळे मिटून, बराच वेळ, आणि मान हलवली. "बरो आसा," ते पुटपुटले. त्यांना खरंच पटलं की लाज वाटली हे मला आजही सांगता येणार नाही. पेटी उचलून ते गेले. जाताना पायरीवरून मला म्हणाले, "येतंय हां, बाय." आधी कधी म्हणाले नव्हते.

आप्पा खांबाला टेकून बसले. आज त्यांचीही दुपारची झोप हुकली होती. चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.  पडवीत अजून सहा पेट्या होत्या. मी सवयीने कानस घेऊन त्यातल्या पहिलीकडे वळले.

"ठेव ता," आप्पा म्हणाले.

"तेंडोलीवाले गुरवारी येतले."

"येवंदेत. उद्या करूया, दोघांनी मिळान. मी भातो मारतंय, तू घास. आता जा आणि नीज जरा."

"तुमी?"

"मी बसतंय हंयच. जा."

मी आत जाऊन आडवी झाले. झोप येईल असं वाटलं नव्हतं. दिवेलागणीला त्यांनी हाक मारली तेव्हा मी कुठे आहे तेच मला कळेना, इतकी गाढ लागली होती. चुलीवर चहा तयार होता, साखर फार पडली होती.

अकरा वर्षं झाली याला. आप्पा नाहीत आता. त्या संध्याकाळी तो चहा हातात घेऊन मी पडवीत आले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये एक नवी नोंद दिसली. कोणाची पेटी कोणत्या तारखेला जायची, ते आप्पा तिथे लिहून ठेवत. गुरुवारच्या चौकोनात तेंडोली होतं, शनिवारच्या चौकोनात पाट. आणि पुढल्या सोमवारच्या चौकोनात, त्याच पेन्सिलने, त्याच अक्षरात लिहिलं होतं: मिनल.